तापानंतरचा थकवा: एक भरून येणारा, दुसरा उलटणारा

डेंगीतून उठलेल्या माणसाचे तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना पाय लटपटले, तर बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. याउलट कोविड होऊन चार महिने उलटलेला, चेहऱ्याने ठणठणीत दिसणारा माणूस म्हणतो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाऊन आलो, शनिवारी बरा होतो, रविवारी अंथरुणातून उठवेना. हे मात्र हसण्यावारी नेऊ नये. घराघरांत होतं ते नेमकं उलट. पहिल्याला 'ताकद येऊ दे' म्हणून सलाईन लावायला नेतात आणि दुसऱ्याला 'पडून राहू नको, जरा चालाफिरायला लाग' असं ऐकवतात.

गोव्यात तापांना तोटा नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंगी, सोबतीला चिकनगुनिया, अधूनमधून फ्लू आणि कोविड, शिवाय सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत गोचिडींमुळे होणारा माकडताप. ताप कुठलाही असो, तो उतरल्यावर मागे राहणारा थकवा दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही सारखेच दिसतात. थकवा किती आहे यावरून ते ओळखता येत नाहीत. तो केव्हा येतो, यावरून येतात.

पहिला प्रकार म्हणजे साधा अशक्तपणा. आठ-दहा दिवस माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, पोटात पेजेशिवाय काही गेलेलं नसतं, तापाने अंगातलं पाणी आटलेलं असतं. स्नायू न वापरल्यामुळे झपाट्याने उतरतात. डेंगीत यकृतालाही थोडी सूज येते, त्यामुळे ताप गेल्यावरही अन्नावर वासना नसते. अशा माणसाने न्हाणीपर्यंत चालत जाऊन दमावं, यात नवल नाही. पण तो दमतो तो त्याच वेळी, काम करता करता. अर्धा तास आडवा झाला की त्याला हुशारी वाटते आणि रात्रीची झोप अंगी लागते. मुख्य म्हणजे आठवड्या-आठवड्याने फरक दिसतो: या सोमवारी उंबऱ्यापर्यंत, पुढच्या सोमवारी तुळशीवृंदावनाला फेरी, त्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांची गाडी रुळावर येते. वय झालेलं असेल, मधुमेह असेल किंवा आजारपण आयसीयूपर्यंत गेलं असेल, तर जास्त वेळ लागतो, पण दिशा तीच राहते. दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस गळू लागले तरी तो याच वाटेवरचा टप्पा असतो. मोठ्या तापानंतर केसांची मुळं एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, पुढे केस परत येतात. त्यासाठी महागडं तेल घेण्याची गरज नाही.

दुसऱ्या प्रकाराचं वागणंच निराळं. इथे शरीर कामाच्या वेळी साथ देतं आणि हिशेब नंतर मागतं, बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन दिवसांनी. तोही कामाच्या मानाने कितीतरी मोठा. केलं असतं ते नेहमीचंच काम: कपडे वाळत घालणं, बँकेत जाऊन येणं, फोनवर तासभर बोलणं. नुसत्या डोक्याच्या कामानेही हे होतं. मग फ्लूच पुन्हा आल्यासारखं अंग मोडतं, घसा दुखतो, उजेड-आवाज सहन होत नाही, साधे शब्द आठवत नाहीत. नऊ तास झोपूनही रात्रभर जागल्यासारखं वाटतं. हे दोन दिवस चालतं, कधी दोन आठवडे. वैद्यकात याला 'श्रमानंतर उलटणारा त्रास' अशा अर्थाचं नाव आहे, आणि दोन प्रकारांमध्ये रेघ ओढायची तर ती इथेच ओढावी.

चतुर्थीचंच घ्या, कारण डेंगीचा हंगाम आणि चतुर्थी हातात हात घालून येतात. जुलैत ताप येऊन गेलेली घरची सून. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला मदत करते, नेवऱ्या तळते, पाहुण्यांच्या पंगती वाढते. त्या दिवशी तिला पाहणारा प्रत्येक जण घरी जाऊन सांगतो, ती आता एकदम बरी झाली. दीड दिवसाचा गणपती पोचवून मंडळी परततात आणि तिसऱ्या दिवशी ती अंधाऱ्या खोलीत उशीत डोकं खुपसून पडलेली असते. ते पाहायला कोणी नसतं. शेजारीण डोकावते आणि विचारते, "अजून बरें जालें ना गो?" तिच्या स्वरात काळजीही असते, थोडा संशयही. या आजाराची खरी पंचाईत हीच आहे. माणूस उभा असतो तेव्हा सगळ्यांना दिसतो आणि कोसळतो तेव्हा एकटा असतो. परिणाम कारणापासून इतका लांब जाऊन पडतो की खुद्द रुग्णालाही दोहोंचा संबंध लागत नाही. तो म्हणतो, काल काहीच केलं नाही तरी आज असं का? कारण परवाचं असतं.

साध्या अशक्तपणात शरीराची विहीर रात्रीतून भरते, फक्त उन्हाळ्यामुळे पातळी खाली गेलेली असते. दुसऱ्या प्रकारात झराच मंदावलेला असतो. वरचं पाणी दिसतं म्हणून भराभर उपसलं, तर दुसऱ्या दिवशी हाती गाळ येतो.

हे मनाचे खेळ आहेत का? ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावाच्या परिसरात २५३ रुग्णांचा संसर्गानंतर पाठपुरावा केला गेला. प्रत्येकाला तीनपैकी कुठलातरी एक संसर्ग झाला होता. त्यांतला एक रॉस रिव्हर, म्हणजे चिकनगुनियाच्याच कुळातला, डासांमधून पसरणारा विषाणू. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जंतू कुठलाही असो, सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के लोक आजारीच होते. कोण रेंगाळणार याचा अंदाज रुग्णाच्या स्वभावावरून किंवा आधीच्या मनःस्थितीवरून बांधता आला नाही. सुरुवातीचा आजार किती तीव्र होता, यावरून आला. कोविडने त्यालाही फाटा दिला. तिथे घरच्या घरी बरे झालेल्यांमध्येही हा त्रास दिसला. २०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी अशा रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर त्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा श्रमानंतर स्नायूंची इजा वाढलेली आणि पेशींमधली ऊर्जानिर्मिती बिघडलेली आढळली. तेव्हा 'मनाचं आहे' म्हणणाऱ्याने आधी हे वाचावं.

उदासीनता आणि हा थकवा यांतही गल्लत होते. सर्वसाधारणपणे नैराश्यात इच्छाच मरते, कशातच राम वाटत नाही. उलटणाऱ्या थकव्यातल्या माणसाच्या मनात करायच्या कामांची यादी तयार असते, शरीर नकार देतं. महिनोन् महिने असं गेल्यावर मनही खचतं आणि मग दोन्ही एकत्र नांदू लागतात. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं चूक नाही. फक्त तिथेच पाठवून हात झटकणं चूक.

उलटणाऱ्या थकव्यासोबत कधीकधी दिसणारी आणखी एक खूण घरी तपासता येते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कुठल्यातरी खणात पडून आहे. तो नाडीचे ठोकेही दाखवतो. दहा मिनिटं शांत आडवं पडून ठोके बघा. मग उभे राहा आणि दहा मिनिटांपर्यंत दर मिनिटाला बघत राहा. जवळ कुणीतरी असू द्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसा. मोठ्या माणसाचे ठोके आडवं असतानाच्या मानाने ३० किंवा जास्त वाढले आणि वाढलेलेच राहिले, किशोरवयीन मुलांत ४० किंवा जास्त, तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. ताप, रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं यांनीही ठोके वाढतात, म्हणून एकट्या या मोजणीवरून निदान ठरत नाही. पण रांगेत उभं राहवत नाही, बसून मात्र ठीक वाटतं, या तक्रारीला अशाने आकडा मिळतो.

चिकनगुनियाची सांधेदुखी मी मुद्दाम बाजूला ठेवतो आहे. ती काही महिने, काहींना त्याहूनही जास्त काळ राहते, आणि त्या दुखण्यानेच माणूस थकलेला असू शकतो. तीन महिन्यांनंतरही सकाळी बोटं तासभर आखडत असतील आणि सांधे सुजत असतील, तर संधिवाताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्यात. तो रस्ता वेगळा आहे, त्याला उपचारही वेगळे आहेत.

आता मुदतीचं. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची व्याख्या केली: साधारण तीन महिन्यांनीही असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. म्हणून तीन महिने घरी बसून वाट बघायची असं नव्हे. चार आठवड्यांत चढती कमान दिसत नसेल तर दवाखाना गाठावा, कारण 'दुसऱ्या आजाराने उलगडा न होणारी' या अटीतच अर्धं काम आहे. रक्त कमी असणं, थायरॉईड, नव्याने वाढलेली साखर, बी-१२ची उणीव, यकृत आणि मूत्रपिंडाचे बिघाड हे सगळे याच वेषात येतात आणि यांतले बरेच गोळीने सुधारतात. विषाणूनंतर थायरॉईडला सूज येऊन गळ्याचा पुढचा भाग दुखतो, हेही लक्षात असू द्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयाची तपासणी आधी. या चाचण्या तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून सुरू करता येतात, त्यासाठी थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, धावण्याची गरज नसते. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं, एकाच पायाला सूज, तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, यांपैकी काही झालं तर मात्र त्याच क्षणी निघायचं. माकडतापात काही रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरं वाटून पुन्हा ताप चढतो आणि डोकेदुखी, मान आखडणं, बरळणं सुरू होतं. तो अशक्तपणा नव्हे, आजाराचा दुसरा टप्पा असतो. डेंगीत तर ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत जोखमीचे, त्या वेळी पोटदुखी, सततच्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर 'ताप गेला ना' म्हणून थांबू नये.

हा भेद करायची एवढी खटपट कशासाठी, तर दोघांचा उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहे. साध्या अशक्तपणात रोज थोडं जास्त चालणं हेच औषध. उलटणाऱ्या थकव्यात तोच सल्ला माणसाला महिनाभर मागे ढकलू शकतो. ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत दीर्घकालीन थकव्याच्या आजारासाठी इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. त्याऐवजी शिकायचं ते मर्यादेच्या आत राहणं: काम तुकड्यांत करायचं, भाजी बसून चिरायची, अंघोळ आणि स्वयंपाक एका दमात नको. सर्वांत कठीण म्हणजे बरं वाटेल त्या दिवशी साठलेली कामं उरकायला न धावणं. आपल्याकडच्या बायकांना हे शेवटचं सांगणं म्हणजे दगडावर पाणी, पण घरातल्या पुरुषांनी चार भांडी घासली तर ते जमतं.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही घेऊन जा. तिच्यात फक्त तीन रकाने हवेत: काय केलं, त्या दिवशी कसं वाटलं, पुढच्या दोन दिवशी कसं वाटलं. ओपीडीत मिनिटं मोजकी मिळतात. 'खूप थकवा येतो' हे डॉक्टर सकाळपासून वीस जणांकडून ऐकत असतात. त्यापेक्षा पहिलंच वाक्य असं बोला: "मंगळवारी काम केलं की गुरुवारी पडतो, आणि हे चार वेळा झालंय, इथे लिहिलंय."