‘फक्त दहा नग उरलेत’: टीव्हीवरच्या दुकानाची पार्श्वभूमी

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी दुपारी दोन ते चार ही वेळ कित्येक वर्षं टीव्हीवरच्या दुकानाची होती. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की आई ते चॅनल लावायची आणि मांडीवर एक लांबट वही घ्यायची. वहीत तीन रकाने होते: वस्तू, टीव्हीचा भाव, बाजारचा भाव. तिसरा रकाना संध्याकाळी भरायचा. भांडी असतील तर बर्तन बाजार, साड्या असतील तर शीतलामाता बाजार, विजेची वस्तू असेल तर जेल रोडवरचं नॉव्हेल्टी मार्केट. टीव्हीवरून खरोखर घरात आलेल्या वस्तू चार-पाचच असतील. बघणं मात्र रोजचं. गेली काही वर्षं ते पार बंद आहे. रिमोट दाबताना ते चॅनल मध्ये आलं तरी तिचा अंगठा थांबत नाही.

या दुकानाचं मूळ फ्लॉरिडातलं. १९७७ साली तिथल्या क्लिअरवॉटर गावातल्या एका रेडिओ केंद्राला एका जाहिरातदाराकडून पैसे येणं होते. त्याच्याकडे रोकड नव्हती, म्हणून त्यानं डबे उघडायची ११२ विजेरी यंत्रं आणून दिली. रंग अव्होकॅडोसारखा हिरवा. बॉब सर्कोस्टा नावाच्या निवेदकानं ती आपल्या कार्यक्रमातच विकायला काढली आणि सगळी खपली. थकलेल्या उधारीतून निघालेला हा धंदा १९८२ मध्ये तिथल्या केबलवर आला आणि १९८५ मध्ये होम शॉपिंग नेटवर्क या नावानं अमेरिकाभर पसरला. पुढच्याच वर्षी क्यूव्हीसी हा प्रतिस्पर्धी उभा राहिला. दरम्यान १९८४ साली तिथल्या सरकारनं टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेवरचं बंधन काढलं होतं. त्यामुळे अर्धा-अर्धा तास एकाच वस्तूचं गुणगान करणारे कार्यक्रम निघाले.

तेच कार्यक्रम हिंदीचा साज चढवून नव्वदच्या दशकात आपल्याकडे आले. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला होता, गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबकळत होत्या, आणि नव्या चॅनलांकडे दुपारचा नि मध्यरात्रीनंतरचा वेळ रिकामा पडलेला असायचा. तो वेळ टेलिब्रँड्स, एशियन स्काय शॉप, टीएसएन अशा कंपन्या घ्यायच्या. गोरी माणसं पोटाचे व्यायाम करत आणि त्यांचे ओठ मिटल्यावरही हिंदी वाक्य चालूच राही. आम्हा भावंडांना त्यातच निम्मी मजा.

बिनपाहिलेली वस्तू पैसे मोजून घरी बोलवायची, हे लोकांना विचित्र कसं वाटलं नाही? निदान आमच्याकडे तरी ते नवं नव्हतं. पुण्या-मुंबईची पुस्तकं आणि दिवाळी अंक इंदूरच्या मराठी घरांत वर्षानुवर्षं व्ही.पी.नंच येत. पोस्टमनच्या हातावर आधी पैसे, मग पुडक्याचा दोरा सोडायचा. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे आईच्या लेखी कुरियरवाल्यानं आणलेली व्ही.पी.च.

पण आई बघायची ते वस्तूंसाठी नव्हे, असं माझं मत आहे. राजवाड्यासमोर पूर्वी मजमा लावणारे असत. कोणी दंतमंजन विकी, कोणी काच कापायचं पेन. माणसं घोळका करून उभी राहत आणि बहुतेक जण काहीही न घेता घरी जात. टीव्हीवर तोच मजमा होता, फक्त पायांना कळ लागत नव्हती. शिवाय एक खुबी होती. साडीच्या दुकानात आई भाव ऐकून पिशवी उचलते, उठल्यासारखं करते, दुकानदार दोनशे उतरतो, ती पुन्हा बसते. टीव्हीवरची बाई हे सगळं एकटीच करायची. आधी ४,९९९ म्हणायची, मग स्वतःच ‘छे छे’ करून २,९९९ वर यायची, मग १,४९९, वर एक कढई फुकट. विकणारी तीच, घासाघीस करणारीही तीच. आई सोफ्यावरून म्हणायची, “अजून उतरेल, बघ.” आणि उतरायचाच.

या प्रकाराचा खरा भर २००८ नंतरचा. त्या वर्षी होमशॉप १८ हे चोवीस तास खरेदीचं चॅनल आलं. पाठोपाठ स्टारनं कोरियाच्या सीजे कंपनीशी भागीदारी करून आपलं चॅनल काढलं, तेच पुढचं शॉप सीजे. कोरियात १९९५ पासून हा धंदा रुजलेला होता, तिथली शिस्त त्यांनी इकडे आणली. नापतोलही २००८ चीच, पण तिची सुरुवात झाली ती वस्तूंच्या किमतींची तुलना करणारं संकेतस्थळ म्हणून. म्हणजे आईच्या तिसऱ्या रकान्याचंच काम! पुढे ती टीव्हीवर स्वतःच विकायला बसली. २०१५ मध्ये तर अक्षय कुमार आणि राज कुंद्रा यांनी बेस्ट डील टीव्ही काढला. त्यावर सिनेमातले चेहरे माल विकायचे. तो फार टिकला नाही.

दुकान थाटायला जागा लागत नसली तरी फुकट काहीच नव्हतं. केबल आणि डीटीएचवाल्यांना चॅनल दाखवण्याचे पैसे द्यायचे, फोन घेणारी माणसं बसवायची, आणि दारातून परत पाठवलेल्या मालाचं जाण्यायेण्याचं भाडंही सोसायचं. हे सगळं निघायचं तर अशी वस्तू हवी, जिचा भाव गिऱ्हाइकाला पाठ नसतो. म्हणून सहा साड्यांचा संच, चौदा भांड्यांचा संच, आणि नाव न ऐकलेल्या कंपनीचा फोन. आईच्या वहीत संचांपुढचा तिसरा रकाना कोराच दिसतो. बर्तन बाजारात असा संच कोणी बांधतच नाही, मग भाव काय विचारणार? आमच्याकडे आलेलं पोळ्या करायचं यंत्र हा त्यातलाच प्रकार. दाबलं की पोळी गोल व्हायची हे खरं, पण फुगायची नाही. गार झाली की पापड. परत करायला फोन लावला तर नुसतं गाणं वाजत राहिलं. शेवटी कामवाल्या मावशींनी ते नेलं, त्यांनीही ते पुन्हा कधी दाखवलं नाही.

यंत्रांचा दुसरा प्रकार देवाधर्माचा. दैवी शक्ती असल्याचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या अशा जाहिराती बेकायदा आहेत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये दिला. आधार होता महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. तो कायदा सेंधव्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या नाक्यावरच थांबतो, आणि चॅनलं तर इथेही तीच दिसतात.

धंद्याला उतरती कळा का लागली हे सांगायला फार शोध नको. २०१० पासून फ्लिपकार्ट घरपोच मालाचे पैसे दारात घेऊ लागली, २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे फोनवरचं इंटरनेट जवळपास फुकट झालं आणि दोनच महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी. सगळा व्यवहार रोखीवर चालणाऱ्या या दुकानांचं गिऱ्हाईकच दारात हात हलवत उभं राहिलं. होमशॉप १८ आणि शॉप सीजे पुढे एकत्र आल्या, ते काही भरभराट झाली म्हणून नव्हे. आमच्या घरी मात्र एवढंच झालं की भाचा फोनवर दहा सेकंदांत बाजारभाव काढून दाखवू लागला. शीतलामाता बाजाराच्या फेरीला कारण उरलं नाही, आणि त्या फेरीवाचून दुपारचं बघणं अळणी झालं.

तरी आईचं मन त्यावरून त्याआधीच उडालं होतं. निर्लेप तव्याचा कार्यक्रम होता. धिरडं उलटताना बाईच्या हातून तेलाचा एक थेंब गॅसच्या डाव्या अंगाला सांडला, तिनं तो करंगळीनं पुसला. ‘फक्त दहा नग उरलेत,’ ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब, तिथेच, तशीच करंगळी. तिसऱ्या दिवशी आईनं मला हाक मारून दाखवलं. दहा नगही तेवढेच होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नापतोलला दहा लाखांचा दंड केला. आधी चित्रित केलेला कार्यक्रम असेल तर तसं पडद्यावर स्पष्ट लिहा आणि मालाची खोटी टंचाई भासवू नका, असंही बजावलं. आई बघायची ते चॅनल हे नव्हे, पण मी बातमी वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती.

“लिहायचं कशाला,” ती म्हणाली, “थेंब दिसतच होता की.”