गल्फ स्ट्रीम कागदावर उतरला, त्याची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून न्यूयॉर्कला निघणारी सरकारी टपालजहाजं लंडनहून ऱ्होड आयलंडला जाणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षा पंधरवडाभर उशिरा पोचतात, अशी तक्रार १७६८च्या सुमारास बॉस्टनच्या जकात अधिकाऱ्यांनी लंडनला केली. व्यापारी जहाजं मालाने जड, त्यांच्यावर खलाशी कमी, शिवाय इंग्लिश खाडीचं अंतर जास्तीचं. तरी तीच पुढे!

अमेरिकन वसाहतींच्या टपालाचा कारभार सांभाळणारे बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्येच होते. त्यांचं आजोळ अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या नॅन्टकेट बेटावरचं. त्याच नात्यातला जहाजाचा कप्तान टिमथी फोल्जर लंडनला आलेला होता, त्याला त्यांनी कारण विचारलं. देवमाशांच्या शिकारीत मुरलेल्या फोल्जरला उत्तर शोधावं लागलं नाही. देवमासे गल्फ स्ट्रीमच्या, म्हणजे फ्लोरिडाकडून ईशान्येला वाहणाऱ्या अटलांटिकमधल्या मोठ्या ऊबदार सागरी प्रवाहाच्या, कडेकडेने सापडतात, आत नाही. त्यामुळे शिकाऱ्यांना त्या कडा तोंडपाठ. प्रवाह ओलांडताना त्यांना ऐन मध्यात टपालजहाजं दिसायची, ताशी तीन मैलांच्या ओढीविरुद्ध झगडणारी. वारा पडला की ती पुढे जाण्याऐवजी मागेच सरकायची. ‘प्रवाहातून बाहेर पडा’ असं शिकारी ओरडून सांगायचे, पण साध्या मच्छीमारांचं ऐकणं कप्तानांना कमीपणाचं वाटे. मला या हकिकतीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

प्रवाह काही नवा नव्हता. एप्रिल १५१३मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत स्पॅनिश दर्यावर्दी पोन्से दे लेओनची जहाजं वारा अनुकूल असूनही मागे ढकलली गेली होती. त्याच्या ताफ्यातला वाटाड्या अंतोन दे अलामिनोस याने ते नीट ध्यानात ठेवलं आणि १५१९मध्ये मेक्सिकोहून स्पेनला परतताना हाच प्रवाह धरला. पुढे स्पॅनिश ताफ्यांची घरची वाट तीच झाली.

फ्रँकलिननी फोल्जरकडून प्रवाहाची वाट एका नकाशावर आखून घेतली. फ्लोरिडापासून ईशान्येकडे वळत जाणारा रुंद पट्टा, त्यात ठिकठिकाणी वेगाचे आकडे, आणि तो टाळून कसं जावं याच्या सूचना. १७६९च्या सुमारास लंडनच्या माउंट अँड पेज या छापखान्यातून नकाशा निघाला, प्रती फाल्मथला गेल्या. कप्तानांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

फ्रँकलिननी मात्र नाद सोडला नाही. १७७५मध्ये मायदेशी परतताना ते सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अधूनमधून तापमापक समुद्रात सोडत होते. प्रवाहाचं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ऊबदार, त्यात तरंगतं शेवाळ, आणि रात्री ते चमकत नाही, या खुणा त्यांनी नोंदवल्या. १७८५च्या प्रवासात, वयाच्या ७९व्या वर्षी, खोलवरचं पाणी तपासायला त्यांनी झडपांचं पिंपही खाली सोडून पाहिलं. या नोंदी आणि सुधारलेला नकाशा १७८६मध्ये फिलाडेल्फियात छापला गेला.

पहिल्या छपाईच्या प्रती मात्र कुठेच सापडत नव्हत्या. १९७८मध्ये समुद्रशास्त्रज्ञ फिलिप रिचर्डसन यांना त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिळाल्या. फोल्जरने आखलेली वाट आजच्या मोजमापांशी बऱ्यापैकी जुळते.