कापेल केलिन (त्रवेरिनचं खोरं, वेल्स)

कापेल केलिन हे उत्तर वेल्समधलं, बाला या छोट्या शहराजवळचं, त्रवेरिन नदीच्या खोऱ्यातलं एक गाव होतं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरासाठी बांधलेल्या धरणात ते १९६५ साली बुडालं आणि आता तिथे ल्लिन केलिन नावाचा तलाव आहे. गाव तसं लहानच, शाळा, पोस्ट, चॅपल, चॅपलची दफनभूमी आणि आजूबाजूला शेतं. खोऱ्यातल्या ६७ पैकी ४८ माणसांची घरं गेली. आकडा ऐकून कोणी म्हणेल एवढंच ना, पण इथे शाळेतला धडा, चॅपलमधली प्रार्थना, बाजारभावाच्या गप्पा, सगळं वेल्शमध्ये चालायचं, आणि अशी गावं तेव्हा झपाट्याने कमी होत होती, म्हणून हे नुकसान डोकी मोजून कळत नाही.

लिव्हरपूलने असं आधीही केलं होतं, १८८० च्या दशकात वर्नवी धरणासाठी ल्लानवद्दिन गाव बुडवलं होतं. १९५० च्या दशकात आणखी पाणी हवं झालं तेव्हा आधी वेल्समधल्याच डोलानॉग गावाचं नाव पुढे आलं. पण तो भाग अॅन ग्रिफिथ्स या वेल्श भक्तिगीतं लिहिणाऱ्या कवयित्रीचा, त्यामुळे खूप ओरड झाली आणि मग त्रवेरिन निवडलं गेलं. गावकऱ्यांना याची बातमी पेपरमधून कळली, आधी कोणी विचारायलासुद्धा आलं नव्हतं. त्यांनी बचाव समिती काढली, नोव्हेंबर १९५६ मध्ये जवळजवळ अख्खं गाव बॅनर घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यांवर चाललं, सोबत प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे अध्यक्ष ग्विनवॉर एव्हान्स होते. उपयोग झाला नाही.

खरी मेख पुढे आहे. लिव्हरपूलने थेट लंडनच्या संसदेत खाजगी बिल आणलं, म्हणजे वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक कौन्सिलची परवानगी घ्यायची गरजच उरली नाही. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बिलाच्या बाजूने मत दिलं नाही आणि तरी १९५७ मध्ये कायदा झाला. माझ्या मते त्रवेरिनचं महत्त्व इथेच आहे, कारण पाण्याची गरज खोटी आहे असं फारसं कोणी म्हणत नव्हतं, पण आपल्या सगळ्या खासदारांनी मिळूनही आपल्याच देशातलं एक गाव वाचत नाही हे त्या दिवशी लोकांना लख्ख दिसलं.

धरणाचं काम चालू असताना त्याला विरोध करणाऱ्या पोरांनी १९६२ मध्ये साइटवरच्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल सोडून दिलं, १९६३ मध्ये तिथे स्फोट केला गेला आणि त्यासाठी काही पोरं तुरुंगात गेली. दफनभूमीतले काही मृतदेह नातेवाईकांनी दुसरीकडे हलवले, बाकीचे तिथेच राहिले आणि वर काँक्रीट टाकलं. २१ ऑक्टोबर १९६५ च्या उद्घाटनाला आंदोलकांनी माइकच्या वायरी कापल्या, समारंभ काही मिनिटांतच आटोपला.

याच काळात भाषेचा प्रश्नही पेटला होता. १९६१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे २६ टक्क्यांवर आले होते, आणि त्याचे आकडे यायच्या आधीच फेब्रुवारी १९६२ मध्ये वेल्श लेखक साँडर्स लुईस यांनी बीबीसीच्या रेडिओवर भाषण देऊन सांगितलं की असंच चालू राहिलं तर आपली भाषा मरेल. त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना निघाली, पुढच्या फेब्रुवारीत तिच्या पोरापोरींनी ॲबरिस्टविथचा त्रेवेखान पूल अडवला, मागणी काय तर कोर्टाचे समन्स वेल्शमध्ये द्या. १९६६ मध्ये ग्विनवॉर एव्हान्स कार्मार्थनची पोटनिवडणूक जिंकून पक्षाचे पहिले खासदार झाले आणि १९६७ मध्ये वेल्श भाषा कायदा आला. हे सगळं एकट्या धरणामुळे झालं असं म्हणणं चूक होईल, पण धरण काढून टाकलं तर ही गोष्ट अर्धीसुद्धा कळत नाही.

लिव्हरपूल कौन्सिलने २००५ मध्ये माफी मागितली. त्याच्या खूप आधी, १९६० च्या दशकात, ल्लानरिस्टिडजवळच्या एका पडक्या भिंतीवर मेक स्टीव्हन्स यांनी "त्रवेरिन विसरू नका" असं वेल्शमध्ये रंगवलं होतं. त्यात व्याकरणाची चूक होती. आपण शब्दाचा शेवट बदलतो, घोडा होतो घोड्याला, तसं वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं, म्हणजे तिथे "ड्रवेरिन" हवं होतं. नंतर ती दुरुस्त झाली. भिंतीवर बऱ्याच वेळा कोणी ना कोणी रंग फासला, २०१९ मध्ये ती फोडली गेली, लोकांनी दगड पुन्हा रचले आणि काही आठवड्यांत वेल्सभर दुसऱ्या भिंतींवर तेच वाक्य दिसायला लागलं.