दुकानं-ऑफिसांतल्या डीह्युमिडिफायरचा वीजखर्च

डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतला दमटपणा ओढून तो पाणी करून टाकीत किंवा नळीनं बाहेर सोडणारं मशीन. पुण्यात घरांपेक्षा दुकानं, ऑफिसं, गोडाऊन, लॉकर रूम, छापखाने असल्या ठिकाणी त्याची जास्त गरज पडते. मशीन घेताना सगळे किमतीवर घासाघीस करतात, पण खरा खर्च मागून विजेच्या बिलातून येतो, आणि तोही वर्षभर सारखा नाही, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंतचा हा खर्च आहे.

पुण्याची हवा कोरडी, मुंबईसारखी चिकचिक नाही, हे पुणेकर अभिमानानं सांगतो आणि मेपर्यंत ते खरंही असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बाहेरची आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या आसपास किंवा वरच राहते. मग पेठेतल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची भिंत ओल धरते, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतल्या गठ्ठ्यांमधले कागद सादळतात, झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये पेपर अडकायला लागतो, चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी दिसते आणि शटर उघडलं की आधी कुबट वास येतो.

मग एसी आहे की, असं बरेच जण म्हणतात. एसी हवा गार करताना पाणी काढतोच, पण तो चालतो तापमानावर. पुण्यातल्या पावसाळ्यात दुकानाचं तापमान मुळातच 24-25 डिग्री असतं, त्यामुळे एसीला वाटतं काम झालं, कॉम्प्रेसर बंद, फॅन चालू, आणि कॉइलवरचं (आतल्या गार नळ्यांवरचं) पाणी पुन्हा हवेत. त्यात एसी गरजेपेक्षा मोठ्या टनाचा असेल तर अजूनच वाईट, तो चटकन गार करतो आणि पाणी काढायच्या आतच थांबतो. ड्राय मोडनं थोडा फरक पडतो, पण गार हवेत बसून गिऱ्हाईक कुडकुडतं. थोडक्यात, पुण्याचा पावसाळा गार पण दमट असतो आणि एसीची नेमकी तिथंच पंचाईत होते.

आता आकडे. 25 डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे 80 टक्के आर्द्रतेला 18 ग्रॅमच्या वर आणि 50 टक्क्यांना साधारण साडेअकरा, बाहेरून आत आलेल्या प्रत्येक घनमीटरमागे 7 ग्रॅम पाणी काढायचं. 1,000 स्क्वेअर फुटांचं, 10 फूट उंचीचं दुकान धरा, त्यात 283 घनमीटर हवा बसते. दारं-खिडक्यांमधून तासाला एकदा पूर्ण हवा बदलत असेल तर तासाला जवळपास 2 लिटर, दिवसाला 48 लिटर पाणी झालं. चांगलं कॉम्प्रेसरवालं मशीन एका युनिटमध्ये साधारण 2 लिटर काढतं (जुनं, जाळी धुळीनं भरलेलं मशीन खूप कमी), म्हणजे दिवसाला 24 युनिट. युनिट सगळं धरून 12 रुपयांना पडतं असं मानलं तर दिवसाचे 288 आणि महिन्याचे साडेआठ हजारांच्या वर.

या हिशोबात मशीनचं मॉडेल बदलून फार तर थोडंफार वाचेल, पण हवा तासाला एकदाऐवजी दोन तासांत एकदा बदलली तर बिल सरळ निम्मं. म्हणून माझं मत असं की डीह्युमिडिफायरचं बिल हे मशीनचं कमी आणि दाराचं जास्त असतं. शटर सताड उघडं ठेवून मशीन चालवणं म्हणजे अख्खी पेठ वाळवायला घेतल्यासारखं आहे. डोअर क्लोजर, दाराखालची रबरी पट्टी, एअर कर्टन (दारावरचा हवेचा पडदा), छत्र्या-रेनकोट बाहेरच ठेवायला बादली, या गोष्टी किरकोळ वाटतात पण रोज लिटरभर पाणी वाचवतात. ज्यांना दार बंद ठेवणं जमतच नाही त्यांनी मशीन दुकान बंद असताना चालवावं, रात्री, आणि दुपारी 1 ते 4 पण, त्या वेळेवरून विनोद कितीही झाले तरी मशीनच्या दृष्टीनं ते तीन तास सोन्याचे आहेत.

दुसरी चूक सेटिंगची. वरच्याच हवेत 60 टक्क्यांवर थांबायचं तर घनमीटरला साधारण 4.6 ग्रॅम काढावे लागतात, 50 वर 6.9 आणि 40 वर 9.2. म्हणजे 60 चं 40 केलं की काम दुप्पट, शिवाय हवा जितकी कोरडी तितकं मशीन युनिटमागे कमी पाणी काढतं, त्यामुळे बिल दुपटीच्याही वर जातं. बुरशी थांबवायला 60 च्या खाली राहिलं तरी बहुतेक ठिकाणी पुरतं. उगाच 40 लावून ठेवणारे बरेच असतात, आकडा कमी म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं बहुधा.

तिसरा खर्च लपलेला आहे. मशीन जेवढी वीज खातं तेवढी सगळी उष्णता खोलीतच सोडतं, आणि वर वाफेचं पाणी होताना लिटरमागे साधारण 0.68 युनिटइतकी उष्णता सुटते तीही खोलीतच. आपल्या 48 लिटरच्या दुकानात ही बेरीज दिवसाला 57 युनिट उष्णतेची होते. एसी चालू असेल तर ती बाहेर काढायला त्याला अजून 16-18 युनिट लागतात, म्हणजे 288 चे जवळपास पाचशे झाले आणि ते वरचे पैसे एसीच्या नावावर गेले, मशीनवर कोणाचा संशयही नाही.

घेताना आणखी एक बघायचं, डब्यावर लिहिलेले दिवसाचे लिटर हे बहुतेक वेळा 30 डिग्री आणि 80 टक्क्यांना मोजलेले असतात. आपल्या खोलीत 25 डिग्री आणि 55-60 टक्क्यांना तेच मशीन पार निम्म्यावर येऊ शकतं. तापकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, विचारलं तर वॉट सांगतील, पण विचारायचं ते एका युनिटला किती लिटर.

सिलिका जेलच्या फिरत्या चाकाची मशीनं वेगळी, ती कोल्ड रूम किंवा औषधांच्या कारखान्यात जिथं फारच कमी आर्द्रता लागते तिथं वापरतात. चाकातलं पाणी गरम हवेनं उडवावं लागतं, त्यामुळे लिटरला एक युनिटपेक्षा जास्तच ऊर्जा जाते. साध्या दुकानाला याची गरज नाही.

बिलाबद्दल थोडं. दुकान-ऑफिसाचं महावितरणचं कनेक्शन अघरगुती वर्गात येतं, घरापेक्षा महाग. त्यात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वर वीज शुल्क, त्यामुळे नुसता छापलेला दर धरून हिशोब करू नये, एकूण रक्कम भागिले युनिट हाच आपला दर. मंजूर भार 20 किलोवॅटच्या वर असला तर मागणीवरचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरचा, आकारही येतो, म्हणून सकाळी सगळे एसी आणि सगळी मशीनं एकदम चालू करू नयेत.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच दमटपणाच्या भांडणातून झाला. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात कागद ओलसर हवेनं फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत, त्यावर विलिस कॅरियरनं उपाय काढला. पावसाळ्यात मल्टिकलर काम घेणाऱ्या कुठल्याही छापखानेवाल्याला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

हस्तलिखितं, लाकडी वाद्यं, जुनी चित्रं असतील तिथं मात्र बचतीचा हट्ट धरू नये, आर्द्रता खाली-वर होत राहणं हेच त्यांना जास्त मारक. आणि पुण्यात उलटा त्रासही आहेच. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते, लाकूड तडकतं, कागद कडक होतो. त्या दिवसांत मशीन तसंच चालू न ठेवता प्लग काढून, टाकी कोरडी करून, जाळी धुऊन ठेवायचं, कारण कित्येक मशीनं काम नसतानाही फॅन फिरवत बसतात आणि मीटर हळूहळू पुढे जात राहतो.