पक्षाघातानंतरचा मेंदू: काही मिनिटं, काही तास, काही महिने

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण माणूस स्वस्थ पडून असतानाही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू संपवतो. साठवण मात्र नावालाच. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनची शिल्लक असते. चेतापेशीचं सगळं हातावर पोट. रक्त आलं तर चूल पेटणार, नाही आलं तर काही मिनिटांत विझणार. पक्षाघातावरचा (ब्रेन स्ट्रोकवरचा) एखादा उपचार एका वेळी जीव वाचवतो आणि तोच दुसऱ्या वेळी घात करतो, याचं कारण शोधायला सुरुवात इथूनच करावी लागते.

चेतापेशीच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा पेशीपटलातल्या पंपांवर खर्च होतो. हा पंप म्हणजे एक प्रथिन. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना ते शोधलं आणि तब्बल ४० वर्षांनी, १९९७ साली, त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्चून हा पंप सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत ओढतो. हे काम अखंड चालतं म्हणून पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला साधारण १४० मिलिमोल आणि बाहेर ४ च्या आसपास राहतं. वाल्थर नेर्न्स्ट यांच्या समीकरणानुसार, शरीराच्या तापमानाला आत-बाहेर दसपट फरक असला की सुमारे ६१ मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. इथे फरक ३५ पट आहे, म्हणजे ९० मिलिव्होल्टहून थोडा जास्त. सोडियमची गळती धरली की पटलाच्या आरपार प्रत्यक्षात ७० च्या आसपास उरतात.

७० मिलिव्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण पटलाची जाडी अवघी ५ नॅनोमीटर आहे. भागाकार करून पाहा: मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. कोरड्या हवेत मीटरला ३० लाख व्होल्टच्या आसपास ठिणगी पडते. इतका ताण प्रत्येक चेतापेशी आपल्या अंगावर जन्मभर तोलून धरते, आणि त्यासाठी तिला दर क्षणी एटीपी लागतं.

आता एखादी धमनी गुठळीने बंद झाली असं समजू. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅम भागातून मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त वाहतं. हा प्रवाह २० च्या खाली गेला की पेशी संदेश पाठवणं थांबवते, पण पंप कसाबसा चालू ठेवते. १० च्या खाली पंपही बंद पडतो. हे दोन उंबरठे वेगवेगळे आहेत हे १९७० च्या दशकात बबून माकडांवरच्या प्रयोगांतून कळलं आणि पुढची सगळी उपचारपद्धती त्यावर उभी राहिली. मधल्या पट्ट्यातल्या पेशी गप्प असतात, मेलेल्या नसतात. ग्रहणातला शब्द उसना घेऊन या भागाला उपच्छाया म्हणतात. म्हणूनच पहिल्या तासात रुग्णाचा लुळा हात पाहून पेशी गेल्या की नुसत्या थांबल्या हे कोणालाही सांगता येत नाही.

पंप थांबला की घसरण ठरल्या क्रमाने होते. सोडियम आत शिरतं, त्यामागे पाणी, आणि पेशी सुजते. पोटॅशियम बाहेर सांडतं. पटलावरचा विद्युतदाब कोसळतो, तसा पेशींच्या टोकांशी साठवलेला ग्लुटामेट हा उत्तेजक संदेशवाहक रेणू बाहेर पडतो. एरवी सांडलेला ग्लुटामेट लगेच उचलून आत घेतला जातो. पण ती उचल सोडियमच्या उतारावर चालते, आणि तो उतारच सपाट झालेला असतो. ग्लुटामेट शेजारच्या पेशींची दारं उघडतो आणि तिथून कॅल्शियम आत घुसतं. एरवी पेशीत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतं, त्यामुळे आत आलेली थोडीशी भरही विकरं (एन्झाइम) मोकाट सोडायला पुरते. ती पेशीचा सांगाडा, पटल आणि मायटोकॉन्ड्रिया कुरतडतात. अतिउत्तेजनाने पेशी मरते ही कल्पना जॉन ओल्नी यांनी १९६९ साली मांडली.

इथे एक साधा प्रश्न पडतो. शेजारच्या भागात रक्त चालू असताना तिथला ऑक्सिजन झिरपून का येत नाही? कारण विसरणाला, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याला, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. मेंदूत केशवाहिन्या एकमेकींपासून साधारण ४० मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे कोणत्याही पेशीला २० मायक्रोमीटरच्या आत रक्त मिळतं. एवढं अंतर ऑक्सिजन सेकंदाच्या दहाव्या भागात कापतो. १ मिलिमीटरसाठी ४ मिनिटं लागतील, १ सेंटिमीटरसाठी सुमारे ७ तास, आणि तेही वाटेतल्या पेशींनी काही घेतलं नाही तर. गणित इतकं निर्दय आहे की बंद पडलेल्या वाहिनीला विसरणाचा पर्याय असूच शकत नाही.

मग सांडलेलं पोटॅशियम तरी दूर कसं पोहोचतं? ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओ यांनी १९४४ साली सशाच्या मेंदूवर एक लाट पाहिली. एका जागी उत्तेजन दिलं की विद्युत शांतता मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने चहूकडे पसरत जाते. तीन वर्षं आधी कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या अर्धशिशीत डोळ्यांपुढे सरकणारा नागमोडी पट्टा कागदावर उतरवून मोजला होता आणि मेंदूच्या पृष्ठभागावर त्याचा वेग मिनिटाला ३ मिलिमीटर काढला होता. नुसतं विसरण असा एकसारखा वेग देऊ शकत नाही, ते पुढे जाताना मंदावत जातं. पण विसरणाला जागोजागी नवं इंधन मिळालं तर? वाळलेल्या गवतातली आग अशीच चालते, प्रत्येक काडी पुढची पेटवते. १९३७ साली रोनाल्ड फिशर यांनी आणि स्वतंत्रपणे कोल्मोगोरोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लाटेचा वेग काढला: विसरणाचा गुणांक आणि वाढीचा दर यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले २. फिशर यांच्यापुढे प्रश्न लोकसंख्येत पसरणाऱ्या जनुकाचा होता. तेच सूत्र पोटॅशियमला लावलं, गुणांक सेकंदाला एक अब्जांश चौरस मीटर धरला, तर मिनिटाला ३ मिलिमीटरसाठी वाढीचा दर सेकंदाला साधारण ०.६ निघतो. पोटॅशियमने शेजारची पेशी भडकावी आणि तिने आपलं पोटॅशियम सांडावं, याला सेकंद-दोन सेकंद लागतात असा याचा अर्थ. ढोबळ गणित आहे, पण कागदावरचं समीकरण जिवंत मेंदूला इतकं जवळ जाऊन भिडतं याचं अप्रूप वाटतंच.

पक्षाघातात अशा लाटा मेलेल्या भागाच्या कडेवरून उपच्छायेत शिरतात, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. प्रत्येक लाटेनंतर आयन जागेवर आणायला ऊर्जा लागते. निरोगी भाग ती खर्च करून सावरतो. उपच्छायेकडे ती नसते, म्हणून दर लाटेगणिक मेलेला भाग थोडा पुढे सरकतो. ताप अंगावर काढू नये, रक्तातली साखर फार वाढू वा घटू देऊ नये, हे आग्रह अशाच काठावरच्या पेशींसाठी असतात.

मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, हा आकडा अनेकदा सांगितला जातो. तो जेफ्री सेव्हर यांच्या २००६ सालच्या हिशेबातला आहे. मोठी वाहिनी बंद झालेला सरासरी पक्षाघात, १० तासांत पूर्ण होणारा, असं त्यात गृहीत आहे. प्रत्येक रुग्ण सरासरीसारखा नसतो. फरक पाडतात त्या बंद वाहिनीला वळसा घालून रक्त आणणाऱ्या आडवाटेच्या वाहिन्या. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे दुप्पट रुंद वाहिनी १६ पट रक्त वाहते. ज्याच्या आडवाटा थोड्या जास्त रुंद, त्याची उपच्छाया कित्येक तास तग धरते.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे औषध १९९५ सालच्या अमेरिकी चाचणीत ३ तासांच्या आत उपयोगी ठरलं, २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांवर गेली. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९० मिलिग्रॅम. त्यातले १० टक्के एका मिनिटात, उरलेलं तासाभरात शिरेतून. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण गुठळीचा आणि रक्तस्रावाचा पक्षाघात बाहेरून सारखाच दिसतो. रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो. १९९५ च्या त्या चाचणीतही औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत लक्षणं बिघडवणारा रक्तस्राव झाला, औषध न मिळालेल्यांत ०.६ टक्के. उपाशी राहिलेल्या वाहिन्यांच्या भिंतीही कुजू लागतात. उशिरा सोडलेलं रक्त त्यांतून फुटतं. वेळेचं बंधन आहे ते यासाठी. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढणं २०१५ पासून रुळलं, आणि २०१८ पासून स्कॅनमध्ये उपच्छाया शिल्लक दिसली तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत ते केलं जातं.

घरच्यांकडून इथे एक चूक फार होते. सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं की ‘आत्ताच झालं’ असं सांगितलं जातं. घड्याळ मात्र रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ लिहून ठेवा. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात खाली घसरणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही दिसलं तरी रुग्णालयाकडे निघा. वाटेत पाणी पाजू नका, कारण गिळण्याची क्रिया गेली असेल तर ते फुप्फुसात जातं. स्कॅनआधी मनाने ॲस्पिरिनही देऊ नका.

मग पेशी वाचवणारं औषध का नाही? २००६ साली घेतलेल्या एका आढाव्यात प्रयोगशाळेत आजमावलेले १,०२६ उपाय मोजले गेले. माणसाच्या पक्षाघातात त्यांतून हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. उंदरांना औषध बऱ्याचदा गुठळीच्या आधी किंवा काही मिनिटांत दिलं जायचं, माणूस काही तासांनी पोहोचतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पहिल्या तासात मारणारा ग्लुटामेट पुढच्या आठवड्यांत नवी जोडणी करणारा कारागीर असतो. त्याला सरसकट बांधून ठेवणं परवडत नाही.

याच्या उलट बाजूचं चित्र २०१० साली उंदरांत दिसलं. पक्षाघातानंतर जखमेभोवतीच्या पेशींवर गाबा या शांतवणाऱ्या रेणूचा प्रभाव वाढलेला राहतो. तो कमी करणारं औषध तिसऱ्या दिवसापासून दिलं तर पंजाची हालचाल जास्त सुधारली. तेच औषध लगेच दिलं तर मेलेला भाग वाढला. पहिल्या दिवसांत शांतता पेशींना जगवते, नंतर तीच शिकण्याच्या आड येते.

पुनर्वसनातही हेच घडतं. अंथरुणावरून जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवू तितकं बरं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१५ साली २,१०४ रुग्णांवर झालेल्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांत सुरू केलेल्या भरपूर हालचालीने तीन महिन्यांनंतरचे निकाल किंचित वाईट निघाले: चांगली सुधारणा ४६ टक्क्यांत, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्क्यांत. याचा अर्थ पडून राहा असा मुळीच नाही. थोडा वेळ पण अनेकदा उठवणं त्याच आकडेवारीत फायद्याचं दिसलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत हाताचा २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी दिला गेला. सर्वांत जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर झाला. सहा महिन्यांनंतर दिलेल्या सरावाने उल्लेखनीय फरक पडला नाही. बहुतेकांचे उपचार नेमके दोन-तीन महिन्यांच्या याच टप्प्यावर विरळ होतात, याची खंत वाटते.

सराव का लागतो हे रँडॉल्फ नूडो यांच्या १९९६ सालच्या प्रयोगातून कळतं. माकडांच्या मेंदूत हाताच्या भागाला छोटी इजा झाली. सराव न दिलेल्या माकडांत शेजारचा धडधाकट हाताचा भागही आकसला. लहान खळग्यांतून बोटांनी खाऊ काढण्याचा सराव दिला तेव्हा तो भाग टिकला, काहींत कोपर-खांद्याच्या प्रदेशात पसरला. न वापरलेली जागा मेंदू दुसऱ्याला देऊन टाकतो. चांगल्या हातावर सतत मोजा चढवून दुबळ्या हाताला कामाला लावण्याची एडवर्ड टॉब यांची पद्धत याच्याशी जुळणारी आहे, पण मनगट आणि बोटं निदान १० अंश वर उचलता यायला हवीत. हात पूर्ण लुळा असेल तर त्यातून पदरी फक्त वैताग पडतो.

आणि सराव किती? २००९ मधल्या एका निरीक्षणात पुनर्वसनाच्या एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांच्या प्रयोगांत त्या शेकड्यांनी असतात. तासाभरात तीन कामं, प्रत्येकी १००, हे माणसालाही जमतं.

ग्लास उचलण्याचंच काम घ्या. पाठीला टेकू असलेली खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, टेबल कोपराच्या उंचीचं. हलका रिकामा ग्लास हाताच्या लांबीच्या पाऊण अंतरावर. हात पुढे नेणं, बोटं उघडणं, पकडणं, उचलून फळीवर ठेवणं, सोडणं. ही एक आवृत्ती. बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. बोटं उघडत नाहीत म्हणून रुग्ण खांदा कानाकडे चढवतो, किंवा कोपर सरळ होत नाही म्हणून कमरेतून पुढे झुकतो. ग्लास उचलला जातो, पण सराव झुकण्याचा होतो. धड खुर्चीला रुंद पट्ट्याने सैलसर टेकवा. बोटं कमी उघडत असतील तर ग्लासाऐवजी बारीक बाटली घ्या. दुबळा हात धरून रुग्णाला कधीच उठवू नका. सैल खांद्याचा सांधा खाली घसरलेला असतो आणि तो एकदा दुखावला की कित्येक आठवड्यांचा सराव जातो. दोरी-कप्पीने हात डोक्यावर ओढण्याचा व्यायामही याच कारणाने टाळतात.

दहापैकी दहा वेळा जमायला लागलं की काम अवघड करा: अंतर वाढवा, ग्लासात पाणी घाला, फळी उंच करा. सहा महिने उलटलेल्या रुग्णांवरच्या २०१६ सालच्या एका चाचणीत ३,२०० आणि ९,६०० आवृत्त्यांच्या निकालात फरक सापडला नाही, तेव्हा नुसत्या आकड्यामागे धावून भागत नाही. खांदा चढायला लागला की त्या दिवशीच्या उरलेल्या आवृत्त्या सोडा आणि दुसऱ्या दिवशी ग्लास १० सेंटिमीटर जवळ ठेवून सुरुवात करा.