नव्या फिश टँकमधल्या आजारी माशांचं निदान

घरी काचेची टाकी लावल्यापासून पहिल्या सहा-आठ आठवड्यांत मासे मलूल पडायला, वर येऊन तोंड मारायला किंवा एकेक करून उलटे तरंगायला लागले, की ते नेमकं कशामुळे हे शोधायच्या पद्धतीला निदान म्हणायचं. इथे माशाआधी पाणी बघायचं असतं, कारण नव्या टाकीत मासे जातात ते बऱ्याचदा कुठल्या रोगाने नाही तर स्वतःच्याच घाणीने जातात. पुण्यात हा गोंधळ जरा जास्तच आहे, कारण एका गल्लीत कॉर्पोरेशनचं पाणी, पलीकडच्या सोसायटीत बोअर, त्याच्या पुढे टँकर, आणि दुकानातून मिळणारं औषध मात्र सगळ्यांना एकच, मिथिलीन ब्लूची ती निळी बाटली.

टाकी नवीन आहे म्हणजे काय

मासा श्वास घेताना कल्ल्यांतूनच अमोनिया बाहेर टाकत असतो, शिवाय न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजून अमोनिया होतो तो वेगळा. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खाली पसरलेल्या खड्यांवर बॅक्टेरिया बसलेले असतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात जे बरंच कमी त्रासाचं असतं. नव्या टाकीत हे बॅक्टेरिया जवळपास नसतातच. ते तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि पाणी गार असेल तर जास्त, दही थंडीत लवकर लागत नाही ना, तसंच. आणि विरजणाचं पण तसंच आहे, कुणाच्या तरी चांगल्या चाललेल्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. फक्त त्या टाकीत कुठला आजार नाही ना हे आधी विचारून घ्यायचं.

दुकानदार टाकी, मासे, खडे, पंप सगळं एकाच दिवशी देतो, घरातली पोरं नाचत असतात, आणि दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत आठ-दहा गोल्डफिश त्याच संध्याकाळी सोडले जातात. ही टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम 57 लिटरची, खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45-50 लिटर. गोल्डफिश हा खादाड आणि घाण करणारा मासा आहे, एवढ्या पाण्यात दोन ठेवले तरी मोठे झाल्यावर अडचण होते.

पहिला प्रश्न: कधी?

आजार काय हे विचारायच्या आधी टाकी लावून किती दिवस झाले आणि शेवटचं पाणी कधी बदललं हे विचारायचं, निम्मं निदान तिथेच होतं. सोडल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी मासे पडले तर क्लोरिन, तापमानाचा धक्का किंवा प्रवासाचा ताण. दुकानातले मासे चेन्नईच्या कोलत्तूरहून, कोलकात्याहून नाहीतर मुंबईवरून पिशवीत बसून आलेले असू शकतात, त्यात दुकानातून घरी स्कूटरवरचा प्रवास. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दहा-बारा दिवसांपर्यंत अमोनियाचा संशय घ्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढे नायट्राइटचा. आणि नवीन मासा आणल्यावर चार ते दहा दिवसांत अंगावर पांढरे ठिपके आले तर मात्र तो खरोखरचा रोग.

दुसरा प्रश्न, सगळे एकदम की एकच? सगळ्या जातींचे मासे एकाच सकाळी वर आले तर पाणीच बिघडलंय, रोग असा हजेरी घेतल्यासारखा सगळ्यांना एकदम धरत नाही. एकच मासा कोपऱ्यात बसलाय आणि बाकीचे खातायत तर त्या माशाकडे बघायचं, कदाचित दुसरा मासा त्याला मारत असेल.

क्लोरिनचं पुण्यात असं आहे की गच्चीवरच्या टाकीत पडून राहिलेल्या पाण्यातला बराचसा क्लोरिन उडालेला असतो, पण पेठांमधल्या घरात थेट नळाची धार येते त्यात तो असतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असं आहे, आपल्याला ते बरं, पण माशाच्या कल्ल्यांना त्याहून बरंच कमीसुद्धा झोंबतं. गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी "उशिरा व कमी दाबाने" हे इथे सगळ्यांना पाठ आहे, तर त्या शुक्रवारचं पहिलं गढूळ पाणी टाकीत अजिबात भरू नये. पाणी बादलीत एअर पंप लावून चोवीस तास ठेवायचं किंवा अँटीक्लोरिन टाकायचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तेच.

पाणी तपासणं

लिक्विड टेस्ट किट घ्यावं, पट्ट्या स्वस्त असतात पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाच नसतो आणि नव्या टाकीत हवा असतो तोच. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पिवळं राहतं, असेल तर हिरवट होत जातं. हा रंग ट्यूबलाइटखाली बघू नये, लिंबू-पिवळं आणि किंचित हिरवं यातला फरक तिथे कळत नाही, बाल्कनीत उजेडात जाऊन पांढऱ्या कागदासमोर धरावं. चाललेल्या टाकीत अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य पाहिजे, "थोडंसंच आहे" असं काही नसतं. नायट्रेट 40 पीपीएमच्या, म्हणजे लिटरला 40 मिलिग्रॅमच्या, खाली असलं की ठीक.

आता यातली खरी मेख. किट अमोनियाचा जो आकडा दाखवतं त्यात विषारी अमोनिया आणि फारसा त्रास न देणारं अमोनियम दोन्ही धरलेलं असतं, आणि त्यातलं विषारी किती हे पीएचवर, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे ते सांगणाऱ्या आकड्यावर, ठरतं. 25 डिग्रीला पीएच 7 असेल तर जेमतेम अर्धा टक्का विषारी, पीएच 8 असेल तर साधारण 5 टक्के, म्हणजे नऊ-दहा पट. धरणातून येणारं खडकवासल्याचं पाणी तसं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, पूर्वेकडच्या आणि कडेच्या सोसायट्यांमधलं बोअरचं पाणी जड आणि पीएचला चढं. त्यामुळे किटवर एकच आकडा आला तरी धरणाच्या पाण्यातला सदाशिव पेठेतला गप्पी मासा रेटून नेतो आणि बोअरच्या पाण्यातला वाघोलीतला जातो, आणि दोघं मालक फोनवर एकमेकांना सांगतात की माझ्याकडे तर काही झालं नाही.

याच्यातून आणखी एक प्रकार होतो. मऊ पाण्याच्या टाकीत बरेच दिवस पाणी बदललेलं नसेल तर पीएच हळूहळू खाली येतो, अमोनिया साठत असतो पण अमोनियमच्या रूपात गप्प पडून असतो. मग रविवारी घरातला कर्ता माणूस हौसेने अर्ध्याहून जास्त पाणी काढून टँकरचं जड पाणी भरतो, पीएच चढतो, सगळं अमोनियम विषारी व्हायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत मासे उलटे. मग घरात ठरतं की पाणी बदलल्यामुळेच मासे मेले, पाणी बदलायचंच नाही. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा.

माशाकडे बघणं

लाइट लावल्या लावल्या बघू नये, मासे दचकलेले असतात. दहा मिनिटं खुर्ची टाकून बसायचं आणि कल्ल्याचं झाकण मिनिटाला किती वेळा उघडतंय ते मोजायचं. मासे बरे असतानाचा आकडा लिहून ठेवलेला असला तर उत्तम, कारण प्रत्येक जातीचा वेगळा असतो. वेग वाढलाय, तोंड पृष्ठभागाला लावून चपचप करतायत, तर एक तर ऑक्सिजन कमी आहे किंवा कल्ले बिघडलेत. 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 डिग्रीला साडेसातच्या आसपास, म्हणून एप्रिल-मेमध्ये दुपारी लाइट गेली आणि पंप बंद पडला की हा सीन दिसतो. पण पंप चालू आहे, बुडबुडे येतायत आणि तरीही मासे वर, तर नायट्राइट बघा. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, पाण्यात ऑक्सिजन असून माशाला घेता येत नाही, रक्त आणि कल्ले चॉकलेटी पडतात. नुकत्याच मेलेल्या माशाचं झाकण नखाने उचलून बघितलं तर कळतं, निरोगी कल्ला लालभडक असतो. किळस वाटते मान्य आहे, पण याच्याइतका स्वस्त पुरावा नाही.

अमोनियात कल्ले सुजून लालजांभळे दिसतात, मासा खाली बसून राहतो, फिन म्हणजे पर मिटून घेतो. गोल्डफिशवर अचानक काळे डाग आले की लोक घाबरतात, ते बऱ्याचदा अमोनियाने भाजलेली कातडी बरी होतानाचे असतात.

पांढरे ठिपके म्हणजे इक. मिठाचे नाहीतर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात आणि मासा अंग खड्यांवर घासतो. करणारा एकपेशीय जीव, इक्थिओप्थिरियस मल्टिफिलिस, 1876 मध्ये फूके या फ्रेंच माणसाने वर्णन केलेला, नावाचा अर्थ होतो पुष्कळ लेकरं असलेली माशांची ऊ, आणि नाव अगदी चपखल आहे. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा एक जीव, तो पिकला की गळून तळाला जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं निघतात, ती दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीखालच्याला नाही. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करणारे फसतात, तिसऱ्या दिवशी ठिपके गेले ते बरे होऊन नाही, गळून. पाणी 25 डिग्री असेल तर ही फेरी आठवड्याच्या आत होते, डिसेंबर-जानेवारीत हीटर नसलेल्या टाकीत रेंगाळते, म्हणून हीटरने पाणी हळूहळू 29-30 पर्यंत नेऊन फेरी लवकर उरकायची आणि ठिपके गेल्यावरही औषध आठवडाभर चालू ठेवायचं.

सगळं पांढरं म्हणजे इक नाही. नर गोल्डफिशला वयात आल्यावर कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या फिनच्या कण्यावर ओळीत पांढरे पुरळ येतात, ते लग्नाचं लक्षण, औषध देऊ नये. नुकत्याच भरलेल्या नळाच्या पाण्यातले बारीक बुडबुडे अंगाला चिकटतात, ते मासा हलला की सुटतात. सोनेरी-पिवळसर धूळ, टॉर्च तिरका धरला तरच दिसणारी, तो वेल्व्हेट नावाचा वेगळा आजार. जखमेवर कापूस आला तर बुरशी, पण तोंडाभोवती पांढरट चट्टा येऊन दोन दिवसांत पसरत असेल तर तो बहुधा कॉलम्नारिस, बॅक्टेरियाचा, आणि इथे हीटर वाढवला तर उलट जोर धरतो. इक समजून कॉलम्नारिसला गरम करणं ही महागात पडणारी चूक. शेपटी कुरतडल्यासारखी म्हणजे फिन रॉट, नव्या टाकीत त्याच्या मागे पाणीच असतं. खवले उभे राहून मासा अननसासारखा दिसला तर आतून किडनी वगैरे गेलेली असते, फार काही हातात राहत नाही.

औषधाआधी

संशय काहीही असो, पहिले चोवीस तास खाणं बंद आणि पाणी तिसरा भाग ते अर्धं बदलायचं, जुन्या पाण्याच्या तापमानाचं, आणि पीएच फार वेगळा असेल तर थोडं थोडं करत. नायट्राइट असेल तर लिटरला एक ग्रॅम खडे मीठ, त्यातलं क्लोराइड कल्ल्यातून नायट्राइट आत जाऊ देत नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून पांढराशुभ्र करायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

माझ्या पहिल्या टाकीत चौथ्या दिवशी गोल्डफिश वर आले तेव्हा मी दुकानात गेलो, त्यांनी निळं औषध दिलं, मी झाकणभर टाकलं आणि पाणी शाईसारखं झालं. सहाव्या दिवशी आठातला एक उरला. मिथिलीन ब्लू वाईट नाही, पण ते फिल्टरमधले बॅक्टेरिया मारतं, म्हणजे अमोनियाने गुदमरणाऱ्या माशाला मी अजून अमोनिया दिला, वर टाकीचं सिलिकॉन कायमचं निळं झालं ते वेगळं. असलं औषध द्यायचं तर वीस लिटरच्या टबात मासा वेगळा काढून द्यावं. मेडिकलमधून टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून फोडून टाकणारेही भेटतात, बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम तिला धरून ठेवतं आणि माशापर्यंत फारसं काही पोचत नाही.

आठवडेच्या आठवडे मासा खातोय तरी वाळत चाललाय, पाठ वाकतेय, अंगावर न भरणारी जखम आहे, तर माशांचा टीबी धरून चालावं. यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही जातो आणि बोटावर किंवा मनगटावर महिनोन्महिने न जाणारी गाठ येते. अशा टाकीत हात घालायचा तर ग्लोव्ह घालावा, आणि तशी गाठ आलीच तर स्किनच्या डॉक्टरांना सांगावं की घरी मासे आहेत, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.