देहभान हरपलेले संदेष्टे: फ्रुगिया ते केडगाव

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रुगियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, मोंतानुस नावाचा नुकताच ख्रिस्ती झालेला एक माणूस देहभान हरपून बोलू लागला. प्रिस्किला आणि माक्सिमिल्ला या दोन स्त्रियाही तशाच बोलू लागल्या. योहानाच्या शुभवर्तमानात ज्याचे वचन दिले आहे तो ‘कैवारी’, म्हणजे पवित्र आत्मा, आपल्या मुखाने बोलतो असा त्यांचा दावा होता. पेपुझा आणि तुमियोन या दोन लहान गावांना मोंतानुसने ‘यरुशलेम’ असे नाव दिले.

मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, संदेष्टे पूर्वीही होते. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत असल्याचा उल्लेख नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. वाद पेटला तो बोलण्याच्या रीतीवरून. ‘मनुष्य वीणेसारखा आहे आणि मी नखीसारखा त्याच्यावरून फिरतो, मनुष्य झोपतो, मी जागा असतो,’ हे आत्म्याच्या नावाने उच्चारलेले मोंतानुसचे वचन चौथ्या शतकातील त्याचा विरोधक, बिशप एपिफानियस, याच्यामुळेच टिकले. संदेष्ट्याने शुद्ध हरपून बोलता कामा नये, असे प्रतिपादन करणारा एक ग्रंथच मिल्तियादेस नावाच्या लेखकाने लिहिला होता. आपल्याकडे ज्याला ‘अंगात येणे’ म्हणतात त्याच्याशी या अवस्थेचे साम्य विरोधकांनाही जाणवले असावे, कारण पुढे जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने मोंतानुसचा संबंध फ्रुगियातील किबेले देवीच्या उपासनेशी जोडला. एपिफानियस मात्र हे लोक संपूर्ण पवित्र शास्त्र मानतात हे कबूल करतो. म्हणूनच खरा प्रश्न शिकवणुकीपेक्षा अधिकाराचा होता, असे मला वाटते: बिशपांनी माक्सिमिल्लेमधील आत्म्याची परीक्षा घेऊ पाहिली, तेव्हा तिच्या अनुयायांनी त्यांना अडवले.

पश्चिमेकडे ही चळवळ शांत रूपात पोचली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा तेर्तुल्यानुस हा कसलेला लेखक सुमारे २०७पासून तिचा पाठीराखा झाला. त्याच्या मंडळीतील एका भगिनीला रविवारच्या उपासनेत दर्शने होत. उपासना संपून लोक गेल्यावर ती पाहिलेले सांगे आणि ते काळजीपूर्वक पारखले जाई. एकदा तिला मनुष्याचा आत्माच दिसला: मऊ, तेजस्वी, हवेच्या रंगाचा. फ्रुगियातील केंद्र सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी उद्ध्वस्त झाले. पेपुझाची जागा संशोधकांना २००० साली सापडली असे मानले जाते.

पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या विसाव्या शतकातील पेन्टेकॉस्टल चळवळीचा या लोकांशी परंपरेचा धागा नाही. साम्य आहे ते अनुभवाचे आणि त्यावरून उठलेल्या वादाचे. १९०६ साली विल्यम सेमूर यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर सुरू झालेल्या सभा प्रसिद्धच आहेत. पण त्याआधी, जून १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये अशाच अनुभवांचा उद्रेक झाला होता. तेथील मिशनरी मिनी अब्राम्स यांनी नोंदवले आहे की, रात्री एका मुलीला अग्नीने वेढलेले पाहून शेजारची मुलगी पाण्याची बादली घेऊन धावली आणि पाणी ओतणार, तोच ती जळत नसल्याचे तिच्या ध्यानात आले. रमाबाईंनी हा भावावेग दडपला नाही.

या घटनांविषयीची अब्राम्स यांची पुस्तिका १९०७ साली चिलीत विलिस हूवर या मेथॉडिस्ट मिशनरीच्या घरी पोचली, कारण हूवर यांच्या पत्नी अब्राम्स यांच्या जुन्या सहाध्यायी होत्या. १९०९ साली वाल्पाराइसोत संजीवनाची, म्हणजे धार्मिक नवचैतन्याची, लाट आली. त्याच वर्षी सान्तियागोच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये संदेश देऊ पाहणाऱ्या एका तरुणीला बोलू देण्यास नकार मिळाला, पोलीस बोलावले गेले, आणि पुढच्या वर्षी हूवर आपल्या अनुयायांसह मेथॉडिस्ट संस्थेतून बाहेर पडले.